दुसरा पेला

गेल्या बावीस वर्षांत टीव्हीवर जितके मेलेले सासरे, आजेसासरे आणि पणजोबा जेवले, त्यांतले निम्मे तरी माझ्या हातचं जेवलेत. मी मिन ओक-बुन. इल्सानच्या स्टुडिओत मालिकांसाठी पितरांचं पान मांडते. सेटवर लहानथोर सगळे मला मावशी म्हणतात, आणि पान मांडायची वेळ आली की डायरेक्टरसाहेबसुद्धा हात मागे बांधून गप उभे राहतात. राहायलाच पाहिजे. एक बोर इकडचं तिकडे झालं तरी दुसऱ्या दिवशी देशभरातले म्हातारे फोन करकरून चॅनेलवाल्यांचे कान किटवतात.

आमच्या मालिकांत कुणी कंपनी चालवो, कुणी विमान चालवो, पन्नास भागांत एकदा तरी सगळ्यांना आणून पितरांच्या पानाच्या टेबलापुढे गुडघ्यावर बसवावंच लागतं. आजोबांनी चमचा उचलल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. मुलगा बापाशी कितीही भांडला तरी पितरांना दारूचा पेला पुढे करताना दोन्ही हातांनीच करतो. सून रडत रडत का होईना, पण नासपतीचं साल एकसंध काढते. लोकांना तेच बघायचं असतं. मलाही तेच आवडतं, खोटं कशाला बोलू.

पान मांडायला अक्कल लागते. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, माशाचं डोकं कुठे, शेपूट कुठे, सगळं ठरलेलं. पण चुकतात लोक ते भात आणि सुपात. जिवंत माणसाच्या डाव्या हाताला भात आणि उजव्या हाताला सूप ठेवतात. गेलेल्या माणसाला बरोबर उलट, भात त्याच्या उजव्या हाताला आणि सूप डाव्या. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच वर्षी माझ्या मनगटावर पळी मारून ते शिकवलं होतं, त्यानंतर माझं कधी चुकलं नाही.

तर झालं असं. ‘बोराच्या झाडाचं घर’ नावाची शनिवार-रविवारची मालिका चालू होती. अडतिसाव्या भागात बापाचं पहिलं वर्षश्राद्ध होतं, आणि बापाला तिन्ही मुलीच. लेखिका प्यो जी-आन, वयाने माझ्या पोरीएवढी, कॉफीचा कप घेऊन माझ्या स्वयंपाकाच्या खोलीत आली. मी माशाचे काप अंड्यात बुडवून तळत होते.

"मावशी, मुलगा नसलेल्या घरात पहिला पेला कोण वाहतं?"

"पुतण्या."

"फार पटकन बोललात."

"आमच्याच घरात तसं होतं, म्हणून पटकन बोलले."

"मग तुमच्या मुलीला चालतं ते?"

मी उत्तर शोधेपर्यंत कढईतला काप करपला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. माझे यजमान क्वाक घराण्यातले थोरले. तीन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी आठ महिने अंथरुणाला खिळून होते. माझी मालिका चालू होती, सकाळी सहाला घर सोडायचे. आमची एकुलती एक हान्बी दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडून घरी बसली. तिन्ही वेळा ताट मांडून चमच्याने बापाला भरवलं तिने. ते गेले, आणि पहिल्या वर्षश्राद्धाला माझे दीर गावाहून, येचनहून, त्यांच्या मुलाला, तेग्यूला, घेऊन आले. पेला वाहायला पुरुष हवा म्हणून तेग्यूला पुढे केलं. आमच्यात पितराच्या नावाचा कागद ब्रशाने लिहून टेबलामागे लावतात, आणि पेला जो वाहतो त्याच्या नात्याने तो लिहितात. म्हणून कागदावर आलं ‘थोरले काका’. हान्बीच्या बापाला त्याच्या स्वतःच्या घरात काका म्हणून जेवायला बोलावलं गेलं. ती पुढे आली होती. मीच तिचा दंड धरून तिला मागे घेतलं आणि म्हटलं, "बाजूला हो, रीत आहे."

मीच म्हणाले ते. आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दोन वर्षं ती आली, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली आणि जेवण झाल्यावर भांडी घासून गेली. यंदा महिनाभर आधीच तिने सांगून टाकलं. "आई, मी येणार नाही. यंदाच नाही, पुढेही नाही. बाबांकडे दारातून पाहुण्यासारखं बघायला मला बोलावू नकोस." माझी पोर तोंडाने फार बोलत नाही, पण बोलली की बोलली. श्राद्धाचा दिवस यंदा शनिवारी येत होता, आणि लेखिका आली त्या दिवशी त्याला सोळा दिवस उरले होते.

प्यो लेखिका सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मावशी, हे असं कुठे लिहिलंय का, की बाईने वाहायचा नाही?"

"उलट लिहिलंय," मी म्हणाले. "जुन्या पुस्तकात पहिला पेला घराच्या कर्त्याचा, आणि दुसरा घरच्या थोरल्या सुनेचा. स्पष्ट लिहिलंय."

"मग दुसरा तुम्ही वाहता?"

"छे. आमच्याकडे दुसरा भाऊजी वाहतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून."

"का?"

"का म्हणजे? मी स्वयंपाकघरात असते."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. तिला हसू आलं नाही, ते तिचं चांगुलपण. कॉफी तिथेच विसरून ती निघून गेली.

दोन दिवसांनी संहितेची नवीन पानं आली. पहिला पेला थोरली मुलगी वाहते, दुसरा आई. डायरेक्टरसाहेबांना घाम फुटला. "मावशी, म्हातारे आपल्याला सोलून काढतील." मी म्हटलं, "दुसरा पेला तर पुस्तकातलाच आहे. पहिल्याचं बघून घेऊ. पान मी मांडणार ना, मग त्यात बोट ठेवायला जागा सापडणार नाही कुणाला." इतक्या ताठ्याने बोलले मी, आणि पुढे काय झालं ते ऐका.

शूटिंगच्या दिवशी पान मांडून झालं. बघत राहावं असं मांडलं होतं. तेवढ्यात हान्बीचा फोन आला म्हणून मी बाहेर पॅसेजमध्ये गेले. तिला पुन्हा एकदा विनवून बघितलं. टीव्हीवर बघ, मुलगी पेला वाहतेय, दिवस बदलताहेत, असं काहीबाही बोलले.

ती म्हणाली, "टीव्हीवरच्या मुलीसाठी तू बोललीस. माझ्यासाठी काकांशी एकदा तरी बोललीस का?"

इतकी वर्षं सेटवर सगळ्यांना दटावणारी मी, घरात दिरापुढे एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

आत आले तेव्हा सीन संपला होता. नटी अजून हुंदके देत होती आणि लाइटवाले टाळ्या वाजवत होते. मी कोपऱ्यातल्या खोक्यावर बसले आणि पानाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

रविवारी रात्री आठला भाग लागला. तो संपतो न संपतो तोच फोन वाजला. भाऊजी. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, घराण्याचे सगळे कागद, पुस्तकं, तिथ्या त्यांच्याकडे. आणि मालिकेचा एक भाग बुडवत नाहीत. आमच्या घरातलं श्राद्ध मध्यरात्रीवरून संध्याकाळी सहाला कुणी आणलं असेल, तर त्यांनीच, आणि कशासाठी ते कुणी उघड बोलत नाही.

"वहिनी."

"बोला भाऊजी."

"हे काय करून ठेवलंत?"

मी मन घट्ट केलं. म्हटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार, बायकांनी पेला वाहायचा म्हणजे बुडालंच सगळं.

"भात आणि सूप," ते म्हणाले.

"काय?"

"उलटं मांडलंय. जिवंत माणसाला मांडतात तसं. सगळ्या देशासमोर. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की ते पान क्वाकांची थोरली सून मांडते. न्हावी आत्ताच विचारून गेला, तुमच्या वहिनींची तब्येत बरी आहे ना म्हणून."

मी तो सीन मागे नेऊन पाहिला. खरंच की. कॅमेरा टेबलामागून लावला होता. त्या बाजूने बघितल्यावर कुणा शहाण्याला भात उजवीकडे खुपला असणार, आणि त्याने वाट्यांची अदलाबदल करून टाकली असणार. मी तिथे असते तर त्याची खैर नव्हती.

"चुकलं खरं," मी म्हणाले. "मी तेव्हा बाहेर होते. हान्बीचा फोन होता. ती शनिवारी येणार नाही म्हणते."

पलीकडे भाऊजींनी टीव्ही बंद केला.

"बाकीचा सीन कसा वाटला?" मी विचारलं.

"बाकीचा ठीक होता."

"पहिला पेला मुलीने वाहिला."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "ती पोरगी बरी वाहते. दोन्ही हातांनी. एक थेंब सांडला नाही तिने."

"रडलात वाटतं."

"सर्दी झालीय."

मी म्हटलं, हीच वेळ. आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. "मग शनिवारी आपली हान्बी वाहील."

"टीव्ही वेगळा आणि घर वेगळं, वहिनी."

"आत्ता भात-सुपाच्या वेळी तर दोन्ही एकच होतं."

त्यांनी घसा खाकरला. मी त्यांना सावरायला वेळच दिला नाही. "भाऊजी, मामंजींचं निळ्या वेष्टनातलं पुस्तक तुमच्याकडे आहे. उघडा, आणि दुसरा पेला कुणाचा आहे ते मला वाचून दाखवा."

"वाचायची गरज नाही."

"मग सांगा, कुणाचा?"

"तुमचा," ते म्हणाले.

"आणि वाहतं कोण?"

"तुम्ही कधी मागितलाच नाहीत."

"नाही मागितला, माझंच चुकलं. आज मागते. आणि त्याच तोंडाने हान्बीसाठी पहिला मागते."

"मुलीने पहिला वाहायचा असं पुस्तकात नाही."

"आठ महिने तुमच्या भावाला कुणी भरवलं, तेही पुस्तकात नाही."

फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की हातातून सुटला, देव जाणे. ना हो म्हणाले, ना नाही. मी तशीच हान्बीला फोन लावला आणि सांगितलं, "मी काकांशी बोलले. ते काय करतील ते मला माहीत नाही. पण यंदा मी दाराशी उभी राहणार नाही आणि तुलाही राहू देणार नाही. यायचं की नाही ते तू ठरव." ती हं म्हणाली. त्या हं वर मी सहा दिवस काढले.

शनिवारी पहाटेपासून हात चालू होते. पालक, फर्नचे कोंब, तळलेले काप, वाफवलेला मासा, सोललेले चेस्टनट. घरचं पान करताना मी कुणालाही आत येऊ देत नाही. साडेपाचला भाऊजी आले. अंगावर लिननचा पांढरा झगा, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी, एलिव्हेटरमध्ये शेजारच्या बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला म्हणे. मागून तेग्यू, हातात नासपतीची पेटी. भाऊजी सरळ टेबलापाशी जाऊन बसले आणि उदबत्तीचं भांडं पुसायला लागले.

सहाला दहा कमी असताना दार वाजलं. हान्बी. पांढरा ब्लाउज, केस घट्ट बांधलेले. आत आली, पण दारातल्या फरशीवरच थांबली. बूट काढले नाहीत. आमच्या घरात बूट न काढता उभं राहणं म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. ती कुणाकडे बघत नव्हती, टेबलामागच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिथे कागद अजून लावायचा होता.

मला वाटलं, पोरगी आता परत फिरणार, आणि फिरली की पुन्हा या दारात येणार नाही.

भाऊजींनी झग्याच्या बाहीतून घडी केलेला पातळ कागद काढला. दरवर्षी घरूनच लिहून आणतात, ओसरीवरच्या दिव्याखाली तीन-तीनदा लिहून त्यातला चांगला निवडतात. त्यांनी तो तेग्यूच्या हातात दिला नाही. माझ्याकडे दोन्ही हातांनी पुढे केला. "वहिनी, बघून घ्या. चूक नको."

मी चष्मा लावला. वरून पहिलाच शब्द वाचला आणि पुढचं वाचायच्या आधीच डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

"काय लिहिलंय?" हान्बीने दारातून विचारलं.

"वडील," मी म्हणाले. "‘वडील’ असं लिहिलंय."

मग खाली वाकून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. तेग्यूने जो सुस्कारा सोडला तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला असता. "थोरल्या काकू, मग मी नासपती सोलू का? की भांडी विसळू?" बिचाऱ्याला दोन वर्षं ते ओझंच होतं. मी त्याला तळलेले काप रचायला लावलं. बरे रचले.

कागद लागला, उदबत्ती लागली. भात आणि सूप हान्बी घेऊन आली. तिने वाट्या मांडल्या, आणि माझी नजर आपसूक गेली. बापाच्या डाव्या हाताला भात, उजव्या हाताला सूप. अंथरुणावरच्या ताटात आठ महिने मांडत होती तसं.

भाऊजींनी घसा खाकरला. "वहिनी, भात."

"दिसलं मला."

मी घाई केली नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "हान्बी, आता उलट मांडायचं बाळा."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिने भाताची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि पलीकडे ठेवली, मग सूप उचललं. ते थोडं हिंदकळलं. वाटी जागेवर टेकली आणि माझी पोर रडली. अंत्यसंस्काराच्या तीन दिवसांत रडली नव्हती, नंतरच्या तीन वर्षांतही नाही. मी तिला रडू दिलं. टीव्हीवर याला आम्ही दीड मिनिट देतो, मी त्याहून जास्त दिलं, आणि भाऊजी उदबत्तीकडे बघत बसले.

मग तिने तोंड पुसलं आणि गुडघ्यावर बसली. तेग्यूने पेल्यात तांदळाची दारू ओतली. हान्बीने पेला दोन्ही हातांनी धरला, धुरावरून तीनदा फिरवला, आणि टेबलावर पोचवला. एक थेंब सांडला नाही. उठून उभी राहिली आणि अडली. "काका, दंडवत दोनदा की चारदा?" पुरुष दोनदा घालतात, बायका चारदा.

भाऊजींनी क्षणभरही विचार केला नाही. "चारदा. तू मुलगी आहेस. मुलगी म्हणूनच वाहतेस."

तिने चारदा घातले. सावकाश, कपाळ हातांना टेकवून. काहीही म्हणा, टीव्हीतल्या नटीपेक्षा माझी पोर उजवी होती.

मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, शेवटी सुपाच्या जागी पाणी ठेवतात, ते आणायला. भाऊजीही सवयीने पुढे आले. दोन पावलं टाकली आणि मध्येच थांबले. मग बाजूला सरकून उभे राहिले, झगा सावरला, आणि टेबलाकडे हात केला.

"वहिनी, तुमचा."

मी एप्रन सोडला. क्वाकांच्या घरात आल्यापासून बेचाळीस वर्षं मी ते टेबल मांडत आले, पण त्याच्यापुढे कधी बसले नव्हते. बसल्यावर ते वेगळंच दिसतं, उंच दिसतं. कागद अगदी डोळ्यांसमोर येतो. हान्बीने माझ्या पेल्यात ओतलं. मी पेला धुरावरून तीनदा फिरवला आणि पुढे केला.

"अहो," मी म्हणाले, "जेवून घ्या. पोरगी आलीय."